अकरावीचा फॉर्म आणि कापडाचा विषय

(मंडळाच्या गणेशोत्सवातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आरती व्हायची आहे आणि मोदकांचा वास इथपर्यंत येतो आहे, तेव्हा फार लांबण लावणार नाही. आम्ही दोघींनी याच शहरात आयुष्यभर शिकवलं. एकीचा विषय रसायनशास्त्र, दुसरीचा गृहविज्ञान. निवृत्त झालो तरी दर वर्षी मार्च-एप्रिल आला की आमचे फोन वाजायला लागतात. दहावी झाली, अकरावीला विषय कोणता घ्यायचा? आज त्याविषयीच बोलायचं आहे, पण सल्ला देण्याआधी एक कबुली द्यायची आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्याच मंडळातल्या एका घरातून असा फोन आला. नाव सांगत नाही. मुलीला दहावीला उत्तम गुण मिळालेले. तिला अकरावीला फॅशन स्टडीज घ्यायचं होतं आणि घरात गहजब झाला होता. वडील म्हणाले, "एवढे गुण मिळवून शिवणकाम शिकणार का?" आजी म्हणाल्या, "हौस म्हणून कर ना, कोण नको म्हणतंय!" मुलगी एक जाडजूड वही छातीशी धरून आमच्यासमोर बसली होती. आम्ही चहा प्यायलो आणि एकमताने सांगितलं, "आत्ता गणित-विज्ञान घे. दार उघडं राहतं. बारावीनंतर बघू." सगळ्यांना हायसं वाटलं. मुलीने मान हलवली.

मुलगी हुशार होती. दोन वर्षं कोचिंग केलं, इंजिनिअर झाली, पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. म्हणजे सांगण्यासारखं वाईट काही घडलं नाही. मागच्या दिवाळीत ती भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली, "काकू, माझी तक्रार नाही. गणित घ्या म्हणालात तेही बरोबर असेल. पण त्या दिवशी तुम्ही दोघींनी माझी वही उघडूनसुद्धा बघितली नव्हती."

आम्हाला उत्तर सुचलं नाही. वहीत काय होतं, ते तेव्हा तिनेच सांगितलं. घरातल्या प्रत्येक जुन्या कापडाचा तुकडा टाचून खाली लिहिलं होतं, सूत कोणतं, वीण कशी, जाळल्यावर वास कसा येतो, राख कशी पडते. आजीच्या फाटक्या इरकलीचा काठ होता, वडिलांच्या टेरिलीनच्या शर्टाचा कॉलर होता. पंधरा वर्षांच्या मुलीने एकटीने केलेलं ते काम होतं, आणि आम्ही, तीस-तीस वर्षं शिकवलेल्या दोघी, त्याला हौस म्हणून मोकळ्या झालो.

ती गेल्यावर आम्ही ठरवलं की आता तरी हा विषय आहे काय ते नीट बघायचं. अकरावी-बारावीची पुस्तकं आणली. बाग आणि महेश्वर इथे जाऊन आलो. जे दिसलं ते आज सांगतो आहोत.

पहिल्यांदा विषयाची ओळख. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत फॅशन स्टडीज आणि टेक्स्टाइल डिझाइन असे कौशल्य विषय आहेत. ते न घेताही कापडाशी गाठ पडू शकते. एनसीईआरटीच्या 'मानव पारिस्थितिकी आणि परिवार विज्ञान' या विषयात, म्हणजे आपलं जुनं गृहविज्ञान, अकरावीला कापडाचे प्रकार आणि भारतातल्या वस्त्रपरंपरा यांवर धडे आहेत, बारावीला वस्त्रांची रचना आणि फॅशन व्यवसाय यांवर आहेत. शिवण त्यात आहे, पण शिवणीच्या आधी धागा कशाचा, तो कसा कातला, कसा विणला, कसा रंगवला, अंगावर कसा बसतो, धुतल्यावर का आटतो, हे सगळं येतं.

आमच्यापैकी जी रसायनशास्त्राची, तिला वाटायचं की यात आपला काय संबंध? ती बागला जाऊन गप्प झाली. धार जिल्ह्यातलं हे बाग, तिथले खत्री कारागीर छपाई करतात. पांढरं कापड आधी एरंडेल, मीठ आणि शेळीच्या लेंड्या यांच्या पाण्यात भिजवतात, वाळवतात. मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात. त्यावर लाकडी ठशाने छापतात, एक ठसा तुरटीचा आणि एक लोखंडाच्या क्षाराचा, ज्याला आपण हिराकस म्हणतो. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळा रंग येतो. तुरटीचा ठसा मात्र फिकटच दिसतो, कोणी सांगितल्याशिवाय कळणारही नाही की इथे फूल छापलं आहे. नंतर कापड वाहत्या पाण्यात धुतात आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यात अॅलिझरीन आणि धावड्याची फुलं घालून उकळतात. जिथे तुरटी होती तेवढ्याच जागी रंग धरतो आणि पाहता पाहता लाल फुलं उमटतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम रंगाला धाग्याशी बांधून ठेवतं. शाळेत हा धडा फळ्यावर समीकरण लिहून दहा मिनिटांत संपायचा. ज्या मुलीने तो भट्टीपाशी उभं राहून पाहिला, ती तो जन्मात विसरणार नाही.

आता गणित. सुताला नंबर असतो, हे दुकानातून ऐकलं असेल. साठ नंबर, ऐंशी नंबर. ८४० वारांची एक लड, अशा किती लडी एका पौंड वजनात बसतात, तो सुताचा नंबर. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. १२० नंबरचं सूत घ्या. १२० गुणिले ८४० म्हणजे १,००,८०० वार, म्हणजे सुमारे ९२ किलोमीटर. अर्ध्या किलोपेक्षाही कमी सुताचं टोक इंदुरात धरलं तर दुसरं टोक महेश्वरच्या घाटापर्यंत जावं, इतकं ते बारीक. रेशीम आणि कृत्रिम धागा मात्र डेनिअरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर. तिथे नंबर मोठा तर धागा जाड, म्हणजे हिशेब बरोबर उलटा. समजा साडीचा पन्हा ४६ इंच आहे आणि इंचाला ८० धागे आहेत, तर ताण्यात ३,६८० धागे भरायचे. एक चुकला तर पूर्ण साडीभर रेघ दिसते. भूमितीही आहे. कापड ताण्याच्या दिशेने ओढलं तर फारसं ताणत नाही, ४५ अंशांत, म्हणजे आपल्या भाषेत उरेब, ओढलं तर ताणतं. झग्याचा घेर छान का पडतो, गळ्याची पट्टी उरेबच का कापायची, याचं उत्तर त्यात आहे. आपल्या आज्यांना हे हाताने येत होतं, पुस्तकात त्याचं कारण आहे.

आणि इतिहास? तो तर आपल्या घरातलाच. अहिल्यादेवींनी १७६७ ते १७९५ राज्य केलं आणि राजधानी महेश्वरला नेली. तिथे त्यांनी बाहेरून विणकर आणवून वसवले आणि पाहुण्यांना भेट द्यायला वस्त्रं विणवून घेतली, असं परंपरेने सांगतात. किल्ल्याच्या दगडावरची नक्षी महेश्वरीच्या काठात आली. चटई, वीट, हिरा, लाट, ही त्या काठांची नावं. लाट म्हणजे नर्मदेची. दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा काठ ही तिची खूण. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, म्हणून ती हलकीही आणि चमकदारही. पुढे हा धंदा मोडकळीला आला होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली, बायकांना मागावर बसवलं आणि आज गावात पुन्हा माग वाजतात. आपल्यातल्या किती जणींनी राखीला, लग्नाला महेश्वरी घेतली असेल! त्यातल्या किती जणींना माहीत आहे की आपण ताण्यात रेशीम नेसलो आहोत?

आपली नऊवारीच घ्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, एक टाका नाही, तरी ती नेसून बाई शेतात वाकते, घोड्यावर बसते. कापडाला न कापता आकार कसा द्यायचा, याचा इतका मोठा धडा घरात असताना आपण मुलीला सांगतो, त्यात शिकण्यासारखं काय आहे!

आता तुमच्या मनातले प्रश्न. ते आमच्याही मनात होते.

पहिला प्रश्न समोर बसलेल्या काकांच्या डोळ्यांत दिसतो आहे. "आम्ही गिरण्या बंद पडताना पाहिल्या. कापडात भविष्य कसलं?" हा प्रश्न टाळता येणार नाही. अनंत चतुर्दशीला आपण रात्रभर जागून ज्या झांक्या बघतो, त्या गिरणी कामगारांनी सुरू केल्या. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. झांक्या अजून निघतात, भोंगे बंद होऊन वर्षं लोटली. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ला. तीस वर्षांत कित्येक जण वाट बघता बघता गेले. ज्या घराने हे भोगलं, त्याला कापडाचं नाव नको वाटलं तर त्यात चूक काय?

पण दोन गोष्टी वेगळ्या करून बघू या. जुनी यंत्रं घेऊन उभी असलेली गिरणी बंद पडली, कापडाचा उद्योग बंद पडला नाही. तो भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सुरतच्या यंत्रमागांवर गेला, पीथमपूरच्या कारखान्यांत गेला, परदेशीपुऱ्याच्या रेडीमेडवाल्यांकडे गेला. २०२३ साली केंद्राने देशात सात मोठी वस्त्रोद्योग पार्क जाहीर केली, त्यातलं एक आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात आणि एक महाराष्ट्रात अमरावतीला. तिथे प्रत्येकाला चांगली नोकरी मिळेल असं आम्ही म्हणत नाही. एवढंच की ज्याला सूत, रंग, माप, खर्च आणि माणसांचे हाल हे सगळं कळतं, असा शिकलेला माणूस या धंद्याला लागतो. माणसांचे हाल हा शब्द मुद्दाम वापरला. २४ एप्रिल २०१३ला बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि कपडे शिवणारी अकराशेहून अधिक माणसं गेली. स्वस्त कपडा कोणाच्या जिवावर स्वस्त होतो, हे ज्या मुलाने शाळेत शिकलं, तो पुढे कारखानदार झाला काय किंवा गिऱ्हाईक झाला काय, वेगळा वागेल.

दुसरा प्रश्न, "दारं बंद होतात का?" याचं उत्तर काळजीपूर्वक ऐका, कारण त्या मुलीच्या वेळी आम्ही इथेच आळस केला. केंद्राच्या वस्त्र मंत्रालयाची निफ्ट ही संस्था १९८६ साली दिल्लीत सुरू झाली, आता भोपाळलाही आहे. तिच्या डिझाइनच्या पदवीला बारावी कोणत्याही शाखेतून चालते, वेगळी प्रवेशपरीक्षा असते आणि त्यात चित्रकला, कल्पकता आणि सामान्य ज्ञान बघतात. पण तिच्याच फॅशन टेक्नॉलॉजीच्या पदवीला बारावीत गणित लागतं. टेक्स्टाइल इंजिनिअरिंगला तर लागतंच. म्हणून ज्याला यंत्र, उत्पादन, धागा यांत रस आहे, त्याने गणित सोडू नये. शाळा देत असेल तर गणित-विज्ञानाबरोबर पाचवा किंवा सहावा विषय म्हणून कापडाचा विषय घेता येतो. त्या दिवशी आम्ही हे विचारलंही नव्हतं. दोन्ही एकत्र जमू शकलं असतं.

डिझाइनच्याच वाटेला जायचं असेल तर अहमदाबादची एनआयडी आहे, तिच्या धर्तीवरची संस्था भोपाळला आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्रशास्त्राचा जुना विभाग आहे, मुंबई-पुण्यात एसएनडीटी आहे. ज्यांना मागच शिकायचा आहे त्यांच्यासाठी वाराणसी, सेलम अशा ठिकाणी हातमाग तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्था आहेत, तिथल्या पदविकेला दहावीनंतर जाता येतं. आयटीआयमध्येही शिवण आणि फॅशनचे अभ्यासक्रम आहेत, आणि तो रस्ता कमी प्रतीचा मानण्याचं काही कारण नाही.

खर्चाचंही बोलू. निफ्टसारख्या ठिकाणी वर्षाचं शुल्क लाखांत जातं. शिवाय कापड, रंग, नमुने यांचा खर्च वेगळा. फॅशनच्या नावाखाली गल्लीबोळात निघालेल्या खासगी संस्थाही पुष्कळ आहेत. चकचकीत माहितीपत्रक बघून पैसे भरू नका. शिकून गेलेली मुलं काय करतात ते त्यांनाच जाऊन विचारा. शाळेच्या बाबतीतही तेच. विषय यादीत आहे एवढ्यावर जाऊ नका. शिकवायला बाई कोण आहेत, शिलाई मशीन चालू आहेत का, मुलांना प्रत्यक्ष कापड हाताळायला मिळतं का, हे विचारा. नाहीतर दोन वर्षं नोट्स उतरवण्यात जातील. आणि एक सांगतो, दूरचित्रवाणीवरचा रॅम्प बघून ज्याला हा विषय हवासा वाटतो, त्याला चार दिवस शिवण उसवायला बसवा. पाचव्या दिवशीही त्याला तेच हवं असेल तर पुढे बोला.

तिसरा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. "मुलगी असेल तर ठीक, पण मुलाला कसं पाठवायचं?" बागचे छापणारे, महेश्वरचे जुने विणकर, आपल्या राजवाड्यामागचे शिंपी, तुकोजीराव क्लॉथ मार्केटचे व्यापारी, हे सगळे पुरुषच की. पुरुषाने कापड विकलं तर व्यापार आणि शिकलं तर लाज, हा हिशेब आम्हाला दोघींनाही सुटलेला नाही. आणि 'शिंप्याचं काम' म्हणून जे नाक मुरडलं जातं, त्याबद्दल एवढंच की संत नामदेव शिंपी होते, आणि आपण त्यांचे अभंग मान डोलावून ऐकतो.

शेवटी मुलांनो, तुमच्यासाठी. तुम्हाला यात खरंच रस आहे का, हे ओळखायला घरच्या घरी एक काम करा. घरातल्या सहा जुन्या कापडांच्या कडेचे चार-चार धागे काढा. मोठं माणूस शेजारी उभं राहू दे, खाली स्टीलची ताटली, बाजूला पाणी. एकेक धागा चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळेल आणि मऊ करडी राख पडेल. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येईल आणि काळा गोळा बोटाने चुरडला जाईल. पॉलिस्टर आधी आखडेल, वितळेल आणि त्याचा टणक मणी होईल. 'शुद्ध रेशीम' म्हणून घेतलेल्या साडीचा मणी टणक झाला, तर आईला जरा बेतानेच सांगा! हे सगळं वहीत लिहा. लिहिताना वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर ती वही घेऊन आईबाबांकडे जा.

आणि पालकांनो, तुमच्याकडे एकच मागणं. फॉर्म भरायच्या आधी एक रविवार काढा. मुलाला घेऊन महेश्वरला जा. नर्मदेचं दर्शन होईल, घाटावर बसणं होईल, पण दोन तास विणकराच्या मागापाशी काढा. धोटा कसा पळतो, फणी कशी बसते, एक साडी व्हायला किती दिवस जातात, त्यातले विणकराच्या हातात किती पडतात, हे मुलाला विचारू द्या. घरी परतताना मुलगा गाडीत काय बोलतो ते ऐका. गणित घ्या, वाणिज्य घ्या, कापड घ्या, निर्णय तुमच्या घरातच होईल, तो आम्ही देणार नाही. पण मूल वही छातीशी धरून समोर बसलं असेल तर चहाचा कप खाली ठेवा आणि ती उघडून बघा.

त्या मुलीला आम्ही फोन करून विचारलं होतं, आज तुझी गोष्ट सांगितली तर चालेल का? ती म्हणाली, "सांगा काकू, नाव नको." मग म्हणाली, "ती वही अजून आईकडे माळ्यावर आहे. पुढच्या वेळी आले की आणते." आम्ही वाट बघतो आहोत.

आता आरतीला उभं राहू या. गणपती बाप्पा मोरया!